परदेशातील रेल्वेप्रवास : तिकिटाचा वर्ग आधी की अट आधी?

आपल्या समाजातील मुले-मुली आज शिक्षणासाठी लंडनला, जर्मनीला, हॉलंडला जाऊ लागली आहेत. कोणी शासनाच्या शिष्यवृत्तीवर, कोणी बँकेचे कर्ज काढून, तर कोणी वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीवर. मूल तिकडे स्थिरावले की वर्षा-दोन वर्षांनी आईवडिलांना बोलावणे येते. विमानाचे तिकीट कसे काढायचे हे आता बहुतेकांना माहीत झाले आहे. परंतु विमानातून उतरल्यावर एका देशातून दुसऱ्या देशात रेल्वेने जायचे म्हटले की घरात चर्चा सुरू होते. एकाच गाडीचे, एकाच दिवसाचे, एकाच दर्जाच्या बाकाचे तीन-तीन, चार-चार भाव समोर येतात. त्यात पहिला वर्ग, दुसरा वर्ग, पास, आरक्षण अशी भर पडते. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, स्वस्तातले घेऊन टाकतो." आई म्हणते, "अरे, व्हिसा आला नाही तर?" खरे तर संपूर्ण विषयाचे सार आईच्या या एका प्रश्नात आहे.

असे पालक कागद घेऊन विचारायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पहिल्या वर्गाने जावे की दुसऱ्या?" माझे म्हणणे असे की, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न तिकिटाच्या अटीचा आहे. बेत बदलला तर या तिकिटाचे काय होणार, हे ज्याने आधी विचारले त्याचे पैसे सहसा बुडत नाहीत. ज्याने फक्त वर्ग आणि भाडे पाहिले, त्याच्यावर तेच अंतर दोनदा विकत घेण्याची पाळी येऊ शकते. या लेखात युरोपातील गाड्यांचे उदाहरण घेऊन हे समजून घेऊ. आपली मुले मोठ्या संख्येने तिकडे आहेत, हे एक कारण. दुसरे असे की, आपल्याकडे देशाबाहेर जाणाऱ्या गाड्या मुळातच मोजक्या. लाहोरची समझोता एक्सप्रेस २०१९ साली बंद पडली, कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस २०२४ च्या जुलैत थांबली. नेपाळमधील जनकपूरकडे जाणारी जयनगरची गाडी २०२२ साली सुरू झाली, पण महाराष्ट्रातील माणसाला ती फार लांबची. त्यामुळे या व्यवहाराची आपल्याला सवयच नाही.

आपली सवय आणि तिकडची रीत

आपल्याकडे रेल्वेचे भाडे मुख्यतः अंतर आणि वर्ग यांवर ठरते. नागपूरहून मुंबईचे स्लीपरचे भाडे आज काढा की महिन्याने काढा, गाडी तीच असेल तर रक्कम साधारण तीच. तिकीट रद्द केले तर काही रक्कम कापून बाकीचे पैसे परत मिळतात. जागा नसेल तर वेटिंग असते, आरएसी असते. अगदी अलीकडे, म्हणजे २०१६ सालापासून, राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना जसजशा जागा भरतील तसतसे भाडे वाढवण्याची पद्धत आली. तेवढाच काय तो आपला अनुभव.

युरोपातील लांब पल्ल्याच्या गाड्यांत मात्र हीच पद्धत सर्रास चालते. बाक तेच, खिडकी तीच, वेळ तीच. पण तीन महिने आधी घेणाऱ्याला एक भाव आणि आदल्या दिवशी घेणाऱ्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट भाव. शिवाय त्याच दिवशी, त्याच क्षणाला सुद्धा दोन भाव असतात. एक स्वस्त, पण त्याच गाडीला बांधलेला आणि पैसे परत न मिळणारा. दुसरा महाग, पण मोकळा. आपल्यासारखी प्रतीक्षा यादी तिकडे नसते. म्हणजे तिकिटात आपण दोन वस्तू विकत घेत असतो. एक बसायची जागा आणि दुसरी बेत बदलण्याची मुभा. जागेच्या दर्जाला वर्ग म्हणतात. मुभेच्या दर्जाला अट म्हणतात. या दोन वस्तूंची किंमत वेगवेगळी समजून घेतली की अर्धा गोंधळ मिटतो.

जर्मन रेल्वेचे उदाहरण पाहा. तेथे मुख्यतः तीन प्रकारची भाडी आहेत. 'सुपर स्पारप्राईस' म्हणजे सर्वांत स्वस्त. ते रद्द करता येत नाही. 'स्पारप्राईस' म्हणजे बचतीचे भाडे. ते प्रवासाच्या दिवसाआधी रद्द केल्यास शुल्क कापून बाकीची रक्कम मिळते. या दोन्हींत लांब पल्ल्याची ठरावीक गाडीच पकडावी लागते. 'फ्लेक्सप्राईस' म्हणजे मोकळे भाडे. त्या दिवसाची, त्या मार्गावरची कोणतीही गाडी चालते. आणि ही तिन्ही भाडी पहिल्या वर्गालाही असतात, दुसऱ्या वर्गालाही असतात. म्हणूनच पहिल्या वर्गाचे बांधलेले तिकीट कधी कधी दुसऱ्या वर्गाच्या मोकळ्या तिकिटापेक्षा स्वस्त दिसते. "पहिला वर्ग आणि तोही कमी पैशांत" म्हणून माणूस खूश होतो. आपण काय गमावले हे त्याला बेत बदलल्यावरच कळते.

वर्गाची भीडही नको, हौसही नको

'वर्ग' या शब्दाला आपल्या मनात एक जुने ओझे आहे. ते आधी उतरवून ठेवले पाहिजे. १९२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदवले, त्या वेळी जर्मन रेल्वेत एक-दोन नव्हे, चार वर्ग होते. त्यातला चौथा वर्ग १९२८ साली गेला. १९५६ साली पश्चिम युरोपातील रेल्वेंनी मिळून तिसरा वर्गही काढून टाकला आणि पहिला व दुसरा असे दोनच वर्ग उरले. आपल्या देशात तिसरा वर्ग जाण्यास १९७४ साल उजाडले. इंग्लंडने तर १९८७ साली 'दुसरा वर्ग' हे नावच सोडून दिले आणि त्याला 'स्टँडर्ड' म्हणजे सर्वसाधारण असे म्हणायला सुरुवात केली.

सांगायचे तात्पर्य, आज युरोपातील दुसऱ्या वर्गात डॉक्टर, प्राध्यापक, सरकारी अधिकारी सगळेच बसतात. त्यात कमीपणा मुळीच नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांत दुसऱ्या वर्गाला सहसा वाट सोडून दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने, तर पहिल्या वर्गाला एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक. पहिल्या वर्गाचे आसन रुंद, पाय ठेवायला जागा जास्त, गर्दी कमी. स्वच्छतागृह दोन्हीकडे असते आणि गाडी पोहोचते ती एकाच वेळी. मुंबईच्या लोकलने प्रवास करणाऱ्याला हे अधिक सांगायला नको. पहिल्या वर्गाच्या पासवाला दादरला लवकर उतरत नाही. तो फक्त कमी चेंगरतो.

परंतु याचा अर्थ पहिला वर्ग म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असाही घेऊ नये. ज्या आईचे गुडघे दुखतात, ज्या वडिलांचे हृदयाचे ऑपरेशन झाले आहे, त्यांना पाच-सहा तासांच्या प्रवासात रुंद आसन ही गरज आहे. शिवाय एक बारकावा ध्यानात घ्यावा. जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत दुसऱ्या वर्गाचे तिकीट म्हणजे आसनाची हमी नव्हे. तिकीट वेगळे आणि आसनाचे आरक्षण वेगळे. आरक्षण न घेतल्यास गर्दीच्या दिवशी उभे राहण्याची वेळ येऊ शकते. पहिल्या वर्गाच्या तिकिटात मात्र हे आरक्षण धरलेले असते. म्हणून दोन वर्गांतील फरक मोजताना दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात आरक्षणाचे पैसे मिळवूनच तुलना करावी. फरक थोडा राहिला आणि सोबत वयस्कर माणसे असली तर पहिला वर्ग घ्यावा. फरक मोठा असला तर दुसरा वर्ग आणि आरक्षण घ्यावे. पोरासोरांनी खुशाल दुसऱ्या वर्गाने जावे.

आठ कुटुंबांचा हिशेब

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने कारकून. त्यामुळे आकडेमोड केल्याशिवाय माझे समाधान होत नाही. खालील आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष भाडी रोज बदलतात. पण हिशेबाची रीत बदलत नाही.

समजा, एका प्रवासाचे बांधलेले स्वस्त तिकीट ५० युरोला आहे. ते रद्द केल्यास एक पैसाही परत मिळत नाही. त्याच गाडीचे मोकळे तिकीट ८० युरोला आहे. ते रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत मिळते. बेत बदलला आणि ऐन वेळी नवे तिकीट घ्यावे लागले, तर ते १३० युरोला पडते. १ युरो म्हणजे १०० रुपये असे सोयीसाठी धरा.

बेत बदलला नाही, तर स्वस्त तिकीटवाल्याचे ५० गेले आणि मोकळ्या तिकीटवाल्याचे ८०. म्हणजे पहिल्याचे ३० युरो, अर्थात ३,००० रुपये वाचले. बेत बदलला, तर स्वस्तवाल्याचे ५० बुडाले आणि वर १३० लागले, एकूण १८०. मोकळ्यावाल्याला ८० परत मिळाले आणि १३० लागले; एकूण १३०. म्हणजे दुसऱ्याचे ५० युरो वाचले.

आता अशी आठ कुटुंबे घ्या, आणि प्रत्येक घरचा एकच माणूस धरा. आठांपैकी एकाच घरचा बेत बदलला, तर आठही जणांनी स्वस्त तिकीट घेतल्यास एकूण खर्च ५३० युरो आणि मोकळे घेतल्यास ६९०. येथे स्वस्त तिकीटच शहाणपणाचे. आठांपैकी पाच घरांचे बेत बदलले, तर स्वस्त तिकिटाचा खर्च १,०५० आणि मोकळ्याचा ८९०. येथे मोकळे तिकीट शहाणपणाचे. आणि आठांपैकी तीन घरांचे बेत बदलले तर दोन्हीकडे बेरीज ७९०, म्हणजे बरोबरी.

या हिशेबाने एक गोष्ट स्पष्ट होते. स्वस्त तिकीट म्हणजे फसवणूक नव्हे आणि महाग तिकीट म्हणजे शहाणपण नव्हे. आपला बेत बदलण्याची शक्यता किती, यावर सारे अवलंबून आहे. या आकड्यांत ती सीमा आठांत तीन अशी आली. तुमच्या तिकिटांचे आकडे घालून ती पुन्हा काढावी. सातवी-आठवीतील मुलालाही जमेल इतके हे गणित सोपे आहे. घरातील मुलांनाच ते करायला सांगावे.

मग बेत बदलण्याची शक्यता कशी ओळखायची? चार गोष्टी तपासाव्या. व्हिसा हातात आला आहे का? विमान त्याच दिवशी उतरणार आहे का, की मध्ये एक रात्र आहे? मुलाची परीक्षा, प्रबंधाची तारीख किंवा नोकरीची मुलाखत अनिश्चित आहे का? घरात कोणी आजारी आहे का? यातील एकही गोष्ट अधांतरी असेल तर स्वस्त बांधलेल्या तिकिटाला हात लावू नये. चारही पक्क्या असतील तर महाग मोकळ्या तिकिटावर पैसे घालवू नयेत.

'बदल' निराळा, 'परतावा' निराळा

अटी वाचताना बहुतेकांची गल्लत होते ती येथे. तिकीट बदलता येते याचा अर्थ पैसे परत मिळतात असा होत नाही. लंडनहून समुद्राखालच्या बोगद्यातून पॅरिस व ब्रुसेल्सला जाणाऱ्या युरोस्टार गाडीचे पाहू. हा बोगदा सुमारे ५० किलोमीटर लांबीचा असून १९९४ साली सुरू झाला. या गाडीला स्टँडर्ड, प्लस आणि प्रीमियर असे तीन दर्जे आहेत. आसन तिन्हींत तिकिटातच ठरून मिळते, वेगळे आरक्षण लागत नाही. प्लसमध्ये आसन ऐसपैस आणि हलके खाणे. प्रीमियरमध्ये जेवण, स्थानकावरील खास प्रतीक्षागृह आणि तिकीट बदलण्याची तसेच पूर्ण परताव्याची सोय. स्टँडर्डच्या तिकिटाची तारीख बदलण्याची मुभा असते, परंतु नव्या दिवसाचे भाडे जास्त असेल तर फरक भरावा लागतो. आणि शेवटच्या आठवड्यात तो फरक मूळ भाड्याहून मोठा असू शकतो.

म्हणून तिकीट घेण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावी. तारीख बदलता येते का, कधीपर्यंत आणि किती पैशांत? रद्द केल्यास पैसे रोख मिळतात की पुढच्या प्रवासाची पावती मिळते? गाडी चुकली तर त्याच तिकिटावर पुढची गाडी मिळते का? भारतात परतणाऱ्या पालकांना पुढच्या प्रवासाच्या पावतीचा काय उपयोग? तेव्हा दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा.

लंडन ते बॉन : एक नमुना

समजा, बॉन येथे शिकणाऱ्या मुलीचे आईवडील लंडनला नातेवाइकांकडे उतरले. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर त्यांना पाहायचे आहे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तेथे राहत होते आणि महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले. तेथून पुढे मुलीकडे बॉनला जायचे. बाबासाहेबांच्या वेळी खाडीखालून बोगदा नव्हता. बोटीने खाडी ओलांडून पलीकडे पुन्हा गाडी धरावी लागे. आज युरोस्टारने लंडन ते ब्रुसेल्स सुमारे दोन तास. ब्रुसेल्सला गाडी बदलून कोलोन आणखी दोन तासांच्या आत. आणि कोलोनहून बॉन अर्ध्या तासाच्या आत. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या चहाला मुलीच्या घरी पोहोचतो.

या प्रवासात पहिली पायरी तिकीट नव्हे, व्हिसा. भारतीय पासपोर्टवाल्याला ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि जर्मनी-बेल्जियमसाठी शेंगेन व्हिसा वेगळा. एकावर दुसरा चालत नाही. उलट बाजूने पाहिले तर जर्मनीत राहण्याचा परवाना असलेल्या मुलीलाही लंडनला यायचे झाल्यास ब्रिटनचा व्हिसा घ्यावाच लागतो. "मुलगी घ्यायला लंडनला येईल" असे गृहीत धरून तिचे स्वस्त तिकीट काढून ठेवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकात गाडीत बसण्यापूर्वीच सामानाची आणि पासपोर्टची तपासणी होते. फ्रान्सचे अधिकारी तेथेच बसलेले असतात. विमानासारखेच येथेही लवकर पोहोचावे लागते, दारे गाडी सुटण्याच्या बरीच आधी बंद होतात. पुढच्या प्रवासातही पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नये. जर्मनीने २०२४ च्या सप्टेंबरात आपल्या सर्व जमिनीवरील सीमांवर तपासणी सुरू केली होती.

दुसरी पायरी, तिकीट एक घ्यावे की तुकड्यांत? तुकडे केल्यास कधी कधी भाडे कमी होते. लंडन-ब्रुसेल्स एकाकडून, ब्रुसेल्स-कोलोन दुसऱ्याकडून. परंतु पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी सहसा कोणी घेत नाही. सलग एक तिकीट असेल तर प्रवाशाचा हक्क भक्कम असतो. युरोपीय संघाचा रेल्वे प्रवाशांच्या हक्कांचा सुधारित कायदा २०२३ च्या जूनपासून लागू झाला आहे. त्यानुसार पोहोचायला ६० मिनिटे किंवा जास्त उशीर होणार असे दिसले, तर पैसे परत घ्यावे की पुढच्या गाडीने जावे हे प्रवाशाने ठरवायचे असते. प्रवास पुरा करूनही १ तास ते २ तासांच्या आत उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि २ तास किंवा त्याहून जास्त झाला तर ५० टक्के भरपाई मागता येते. पूर-वादळासारख्या असाधारण कारणांना यातून सूट आहे. मागणी ३ महिन्यांच्या आत करावी लागते. आपली माणसे उशीर सोसतात आणि घरी जातात. अर्ज करत नाहीत. हक्क कागदावर असतो, तो मागितल्याशिवाय पदरात पडत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला हवे का? तिकीट आणि गाडीची वेळ जपून ठेवावी आणि अर्ज करावा.

जर्मन रेल्वेच्या बांधलेल्या तिकिटालाही एक सवलत आहे. मुक्कामी पोहोचायला २० मिनिटे किंवा जास्त उशीर होणार असे दिसले की गाडीचे बंधन सुटते आणि दुसऱ्या गाडीने जाता येते. हे माहीत नसल्यामुळे घाबरून नवे तिकीट काढू नये.

तिसरी पायरी, कोलोन-बॉन हा छोटा तुकडा. तेथे लोकलसारख्या गाड्या सतत असतात. त्यासाठी महिना-महिना आधी डोके शिणवण्याचे कारण नाही. जर्मनीत असल्या स्थानिक व प्रादेशिक गाड्यांसाठी एक मासिक तिकीट आहे. २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोला सुरू झाले, २०२५ साली ५८ आणि २०२६ च्या जानेवारीत ६३ युरो झाले. देशभर चालते, पण लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना चालत नाही. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग स्थानकापर्यंत ते चालत असल्यामुळे फुरसतीने जाणाऱ्याला सीमाही ओलांडता येते. मात्र ते वर्गणीच्या स्वरूपात असते. महिन्याच्या १० तारखेपर्यंत बंद केल्याचे कळवले नाही, तर पुढच्या महिन्याचेही पैसे खात्यातून जातात. परत येणाऱ्या पालकांनी ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

पास कोणी घ्यावा?

अनेक देश पाहायचे असतील तर पास स्वस्त पडतो, असे सर्वजण सांगतात. ते अर्धेच खरे आहे. युरोपाबाहेरून आलेल्यांसाठी 'युरेल' पास आणि युरोपात राहणाऱ्यांसाठी 'इंटररेल' पास, असे दोन प्रकार आहेत. पासपोर्टचा रंग येथे पाहिला जात नाही, राहण्याचे ठिकाण पाहिले जाते. म्हणजे एकाच घरातील आईवडिलांनी युरेल घ्यायचा आणि जर्मनीत राहणाऱ्या मुलीने इंटररेल घ्यायचा. दोन्ही ३३ देशांत चालतात, दोन्हींना पहिला व दुसरा वर्ग आहे. इंटररेलवर स्वतःच्या राहत्या देशात फक्त बाहेर पडण्यासाठी एकदा आणि परत येण्यासाठी एकदा प्रवास करता येतो. २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांना २५ टक्के आणि ६० वर्षांवरील ज्येष्ठांना १० टक्के सवलत आहे. ४ ते ११ वर्षांच्या मुलांना मोठ्या माणसाबरोबर विनामूल्य पास मिळतो, पण एका मोठ्या माणसामागे दोनच मुलांना. आणि तो विनामूल्य असला तरी आधी मागून घ्यावा लागतो.

आता हिशेब. समजा, महिनाभरात कोणतेही ४ दिवस प्रवासाचा पास २८० युरोला आहे. म्हणजे दिवसाला ७० युरो. वडील ६२ वर्षांचे असतील तर १० टक्के वजा जाऊन दिवसाला ६३. पण पास म्हणजे आसन नव्हे. युरोस्टार, फ्रान्सच्या वेगवान गाड्या आणि रात्रीच्या गाड्या यांना आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात, आणि युरोस्टारमध्ये पासवाल्यांसाठी मोजक्याच जागा असतात. आरक्षण ३० युरो धरले तर तो दिवस १०० युरोंचा झाला. तेच तिकीट आधी घेऊन ९० युरोत मिळत असेल तर पास कशासाठी? आणि पासचा एक दिवस कोलोन-बॉनसारख्या छोट्या प्रवासावर खर्च करणे म्हणजे पाचशेची नोट मोडून काडेपेटी घेण्यासारखे आहे. ज्यांचे तीन-चार लांबचे प्रवास आहेत, तारखा ठरलेल्या नाहीत आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, हॉलंड अशा बहुतेक गाड्यांना आरक्षण सक्तीचे नसलेल्या देशांत फिरायचे आहे, त्यांनाच पास खरा लाभतो. तेथे पास म्हणजे मोकळ्या तिकिटांचा गठ्ठाच असतो.

रात्रीची गाडी : अट तीच, वर्ग निराळे

रात्रीच्या गाडीत मात्र वर्ग या शब्दाचा अर्थ बदलतो. ऑस्ट्रियन रेल्वेच्या 'नाईटजेट' गाड्यांत बसायची आसने, कुशेट आणि स्लीपर असे दर्जे असतात. नावावरून फसू नये. आपण ज्याला स्लीपर म्हणतो, त्याच्या जवळचा प्रकार म्हणजे कुशेट. चार किंवा सहा बाकड्यांचा कप्पा, सोबत अंथरूण-पांघरूण आणि सकाळी साधी न्याहारी. तिकडचा 'स्लीपर' म्हणजे एक ते तीन जणांची छोटी खोली; आपल्या वातानुकूल पहिल्या वर्गाशी तिची तुलना करावी. एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांसाठी केवळ महिलांचे कप्पेही मिळतात. ते तिकीट घेतानाच निवडावे लागते.

येथे भाडे पाहताना एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वजा करून पाहावे. बसायच्या आसनाचे भाडे सर्वांत कमी असते. पण रात्रभर ताटकळून दुसरा दिवस झोपेत घालवायचा असेल तर ती काटकसर नव्हे. तरुणांनी एखादे वेळी जमवून घ्यावे. साठीच्या माणसाला कुशेटखाली नेऊ नये, आणि शक्यतो खालचे बाकडे मागावे. पासवाल्यांसाठी एक सोय आहे. सरळ जाणारी रात्रीची गाडी असेल तर पासचा एकच दिवस, म्हणजे निघण्याचा दिवस, खर्ची पडतो.

शेवटी, क्रम चुकू नये

सगळ्याचे सार क्रमात आहे. आधी व्हिसा. मग बेत बदलण्याची शक्यता तपासा आणि त्यावरून तिकिटाची अट ठरवा. मग तारीख पक्की करा, आणि ती पक्की झाली की दिरंगाई करू नका, कारण उशिराचा दंड रोज वाढतो. मग सोबतची माणसे, त्यांचे वय, सामान आणि प्रवासाचे तास पाहून वर्ग ठरवा. सर्वांत शेवटी आरक्षण, आणि तिकिटावरील नाव पासपोर्टप्रमाणे आहे ना, हे अक्षर अन् अक्षर पडताळा. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये असते, कोणाच्या पासपोर्टवर आडनाव आधी असते. जसे छापले आहे तसेच लिहावे. हौसेने किंवा अनवधानाने दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर पहिल्या वर्गाच्या डब्यात बसू नये. तपासनीस फरकही घेतो आणि दंडही करू शकतो.

शिष्यवृत्तीचे किंवा कर्जाचे पैसे कोणाचेही असोत, ते घामाचेच असतात. त्यातून आईवडिलांनी मुलांचे विद्यापीठ पाहावे, चार देशांची माणसे पाहावी, यात गैर काहीच नाही. उलट, मी म्हणेन, अवश्य जावे. मुलगी ज्या वाचनालयात बसते ते आईने एकदा डोळ्यांनी पाहिले पाहिजे. फक्त तिकिटाच्या खालच्या बारीक अक्षरांतील ओळी घरातील शिकलेल्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात, आणि त्या सर्वांना समजल्यावरच पैसे भरावेत.